आंबाडी आवडते का, हे विचारणारी

साकोलीला महामार्गावरच्या वाइन शॉपमध्ये मी बरीच वर्षं काउंटरवर काढली. कोणाला कोणती वाइन आवडेल हे मी बरोबर सांगतो, अशी माझी ख्याती होती. नागझिऱ्याच्या जंगलात जाणारे लोक मुद्दाम गाडी थांबवून विचारत. नोकरी संपली, तरी लोक अजून तसंच बोलतात. खरं म्हणजे ती ख्याती माझ्या बायकोची. हे तिच्यासमोर, चार माणसांत सांगायचं राहून गेलं होतं, आणि आम्हा दोघांचीही वयं झाली होती.

सुरुवातीला मला वाइनमधलं काही कळत नव्हतं. आमच्याकडे सवय मोहाच्या दारूची. गिऱ्हाईक पहिला प्रश्न करायचं, "चढते का?" कोणी बायकांसाठी मागितली की मी गोड द्यायचो, गड्यांसाठी लाल. एकदा एका गुरुजींनी उघडलेली बाटली काउंटरवर आपटली. "आंबून गेली ही!" मी त्यांना दुसरी दिली आणि ती बाटली घरी आणली.

बायको आंबाडी निवडत बसली होती. गुरुजींचं ऐकून तिनं बाटलीचा वास घेतला, बोटाचं टोक ओलं करून जिभेला लावलं.

"खराब नाही झाली. आंबटच आहे हे. गुरुजी आंबाडीची भाजी खातेत का?"

"मले काय माहीत?"

"मंग विचारा ना. भाजीवाली बी विचारते, तुमाले काहून लाज वाटते?"

मग तिनं निवडता निवडता सांगितलं. चहात वरून साखर मागणाऱ्याला गोडसर द्या. आंबाडी, चिंचेचं सार आवडणाऱ्याला पांढरी. आणि जांभळं खाऊन जीभ जड झाली तरी आणखी मागतो, त्याला ती तुरट लाल.

गुरुजी पुन्हा आले तेव्हा मी विचारलं, "चहा कसा घेता?" ते म्हणाले, "पाकासारखा." त्यांना गोडसर दिली. पुढच्या खेपेला ते मित्राला घेऊन आले.

तेव्हापासून रोज जेवताना मी तिला गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगू लागलो. एक ड्रायव्हर झिंग्यांच्या तिखट रश्श्यासोबत लाल प्यायचा आणि तोंड भाजलं म्हणून कुरकुरायचा. ती म्हणाली, "तिखटावर तुरट कायले देता? थंडगार, जराशी गोड द्या." तो ड्रायव्हर मला गुरू म्हणू लागला. मी हसून मान डोलवायचो.

दारूच्या दुकानात घरच्या बाईचं नाव कशाला घ्यायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. कौतुक ऐकायला मला आवडत होतं, हे त्याहून खरं.

मागच्या हिवाळ्यात जुनं गिऱ्हाईक, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, बायकोला घेऊन घरी आले. "काका, हिला आजवर एकही वाइन आवडली नाही. आता तुम्हीच सांगा."

बायको चहा घेऊन आली होती. ती आत वळायच्या आधी मी बोलून टाकलं. "मला यातलं काही कळत नव्हतं, साहेब. तुम्हाला जे जे आवडलं, ते हिनं सांगितलेलं. मी नुसता बाटली काढून द्यायचो."

"काही का बोलता जी!" ती ट्रे घेऊन तशीच उभी. "मी कदी घोटभर तरी पेली का?"

साहेब हसू लागले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही काकूंच्या भरवशावर पीत होतो?"

"हो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रागावली. मग पदर सारखा करत म्हणाली, "आता आठोलं तुमाले? सारे दात पडल्यावर?"

साहेबांच्या बायकोला हसू आवरेना. त्यांनी हात धरून तिला शेजारी बसवलं. "काकू, मग माझं काय ते तुम्हीच बघा."

"कच्ची कैरी कशी खाता? मीठ लावून का साखर लावून?"

"नुसतीच. सालीसकट."

"अन् तुमाले आजवर सारे गोडच देत आले असतीन."

"हेच तर मी यांना सांगत होते!" बाई नवऱ्याकडे वळल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या गोड बाटल्या मीच दिल्या होत्या. बाईंसाठी काय देऊ, हे मी दरवेळी साहेबांना विचारलं होतं, बाईंना कधीच नाही.

"पांढरी न्या," बायको म्हणाली. "जीभ आकसली पायजे अशी. अन् पिऊन पाहा, मंग मले सांगा."

"तुम्हालाच फोन करते," त्या म्हणाल्या.

पंधरवड्यानं फोन आला. मी उचलला. बाईंनी माझी तब्येत विचारली आणि म्हणाल्या, "काकूंना द्या." मी आत नेऊन दिला. तिचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. मी बाहेर खाटेवर बसून ऐकत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.