चेंडूला नमस्कार करणारे डॉक्टर

आमचे हे, म्हणजे भारत ओव्हाळ, बीडजवळच्या पाली गावात जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत. माणूस लाखातला, पण टेनिस खेळताना डोक्यात जातो. बीडात आमच्या कॉलनीमागं मुरमाचं कोर्ट आहे, रस्त्याला अगदी लागून, मधे नुसती जाळी. आणि रस्त्यानं जाणारा हरेक माणूस ह्यांच्या ओळखीचा. कुणाची म्हैस अडलेली, कुणाची शेळी ह्यांनी वाचवलेली. त्यानं गाडीवरून हात केला की ह्यांची रॅकेट खाली अन् हात वर. राम रामवाल्याला राम राम, जय भीमवाल्याला जय भीम, सलामवाल्याला सलाम, वरून म्हशीची चौकशी. तोवर चेंडू बगलेखालून जाऊन मागच्या जाळीला टेकलेला. मी चिडले की म्हणायचे, माणसानं हात केल्यावर बघायचं नाही म्हणजे मस्ती आली म्हणतील लोक. घ्या आता.

एरवी मी हसून सोडलं असतं. पण आमच्या टेनिस क्लबचे अध्यक्ष विजयसिंह यांच्या मनात आलं, की संध्याकाळचा पाच ते सहा हा बायकांचा तास बंद करावा. बायका खेळत नाहीत, नुसत्या गप्पा हाणतात, असं त्यांचं म्हणणं. अहो, त्या तासासाठी मी शाळा सुटली की चहासुद्धा न घेता पळत येते. दिवसभरात तेवढाच वेळ मला कुणी ‘बाई’ म्हणत नाही की ‘आई’ म्हणत नाही. माझं टाळकंच सटकलं. भर बैठकीत उभी राहिले अन् म्हणलं, जोडप्यांच्या सामन्यात आम्ही तुम्हाला हरवलं तर तास ठेवायचा. विजयसिंह गालात हसून म्हणाले, “मंजूर, वहिनी.” माझ्या बाजूनं कोण खेळणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग ह्यांची नजर चेंडूवर बसवायची मोहीम सुरू झाली. मोबाइलवर एक जण सांगत होता, की चेंडूवरची रेघ बघत राहा. ह्यांनी ती इतक्या भक्तिभावानं बघितली की मारायचं राहिलं अन् चेंडू नाकावर आला. मग घोड्याला लावतात तशी झापडं लावायची टूम ह्यांनीच काढली. औषधाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून टोपीला दोन्हीकडून शिवले. बाजूचं दिसायचं थांबलं, पण हाक तर ऐकू यायची, मग कोण आहे बघायला हे अख्खेच वळायला लागले. कानात कापूस घातला, तर माझं ‘सोडा’ ऐकू येईना अन् दोघांच्या रॅकेटी एकमेकींवर आपटल्या. लई वैतागले मी.

एके दिवशी नेकनूरचा एक शेतकरी जाळीशी थांबला. हे त्याला नमस्कार करत होते. मागून ट्रक गेला, कुत्री भांडली, पण ह्यांची नजर त्या माणसाच्या तोंडावरून हलली नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“अहो, चेंडूलाच नमस्कार करा,” मी म्हणलं. “पाव्हणा आलाय समजा.”

“अन् पाव्हण्याला हाणू कसा?”

“हाणू नका. पलीकडं पोचवून या.”

ही गोष्ट ह्यांना पटली.

सामन्याला सगळी कॉलनी जमली. विजयसिंहांची बायको रोहिणी आम्हा चौघांत सगळ्यात भारी खेळणारी, तिच्याच जिवावर ते पुढं होते. पण आमचे डॉक्टर आता पेटले होते. चेंडू आला की खणखणीत ‘नमस्कार’, अन् पाव्हणा पलीकडं रवाना. रस्त्यावरून लोकांनी हात केले, हाका मारल्या, एकानं तर रेडकूच आणून दाखवलं. हे ढिम्म.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती अन् विजयसिंह उभे राहणार होते. समोरून नमस्कार आला अन् आपण घेतला नाही, असं त्यांच्या बापजन्मात झालेलं नाही. आधी त्यांची मान हलायला लागली. मग रॅकेटीवरचा एक हात सुटायला लागला. असं करत करत बरोबरी झाली, अन् शेवटचा पॉइंट आला.

ह्यांनी पोटातून ‘नमस्कार’ घातला. ऐकून लोकांनीही गंमत म्हणून एका सुरात ‘नमस्कार’ केला. एवढी मतं एकदम बोलल्यावर विजयसिंहांचा इलाजच खुंटला. रॅकेट काखेत, दोन्ही हात जोडलेले, लोकांकडं वळून म्हणतात, “नमस्कार, नमस्कार, लक्ष असू द्या.” अन् चेंडू त्यांच्या पाठीमागून रमतगमत रोहिणीकडं गेला. पोरानंही मारला असता असा चेंडू. तिनं रॅकेट उचललीच नाही. त्याचा दुसरा टप्पा पडेपर्यंत ती शांतपणे बघत राहिली.

नेटपाशी हात मिळवताना मी तिला म्हणलं, तो तर तुझ्या हातातला होता.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. ते अजून हात जोडूनच होते. मग हळूच म्हणाली, “लग्न झाल्यापासून ह्यांच्याच बाजूनं खेळतेय, ताई. उद्या पाचला मी येऊ का?”