लाल बदामाचा अर्थ

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. पाठच्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी सगळं सांगते — अगदी सांगू नये तेही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरातल्या कुणाला ओळखत नाही. मध्येच थांबवू मात्र नका. एकदा थांबले तर मी विषय बदलेन, त्यात मी पटाईत आहे.

आधी एक सांगून ठेवते, मी काही गरीब गाय नाही. शुक्रवार पेठेत — पुण्यातल्या नव्हे, आमच्या गावच्या — गल्लीत पाणी आलं नाही तर पालिकेच्या ऑफिसात जाऊन भांडणारी मीच. कुणाच्या घरी कठीण बोलणी असली तर पुढे करतात तेही मलाच. माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलेलं नाही. म्हणून पुढचं ऐकताना, 'बिचारी घाबरली असेल' असं मनातसुद्धा आणू नका.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी, दारात मराठी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही म्हणजे अंगठा. पण बोलायला बसल्या की समोरचा उठायचं विसरायचा! आमच्या ह्यांनी त्यांना फोन घेऊन दिला, घरच्यांचा ग्रुप केला, आणि माइक दाबून बोलायला शिकवलं. झालं — रोज पूजा आटोपली की ग्रुपवर अव्वांचा आवाज. आज हुग्गी केली, गव्हाची गोड खीर. ऊन लई हाय, डोक्याला बांधून जावा. कोपऱ्यावरच्या घरात मुलगी झाली, लक्ष्मी आली.

उलट बोलायला वेळ कुणाला होता? जो तो कामावर. सगळे चिन्हं टाकून मोकळे व्हायचे. मग अव्वा फोन घेऊन स्वयंपाकघरात यायच्या, "बघ की गं, कोण काय म्हनलं." कानडीतून मराठीत सांगणारा असतो ना, तशी मी चिन्हांची दुभाषी. नणंदेनं हात जोडलेत म्हणजे नमस्कार केलाय — अव्वा खूश. मीसुद्धा शेजारच्या खोलीत बसून हात जोडलेलं चित्र टाकायचे आणि वरून त्यांना जाऊन सांगायचे, "अव्वा, मी पण नमस्कार केला बरं का." हसताय? हसा. तोवर सगळं हसण्यासारखंच होतं.

सुजाताअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. पुण्यात एका दवाखान्यात नर्स. ड्युटीवर फोन कानाला लावायची सोय नाही, घरी आल्या की पाठ टेकण्यापुरतं त्राण. त्या एकच करायच्या — अव्वांच्या प्रत्येक बोलण्यावर एक लाल बदाम. पत्त्यांत असतो तो. एक दिवस चुकवला नाही त्यांनी.

आणि मला तो बदाम डोळ्यांत सलायचा.

का, ते सांगते. दिवाळीला चार दिवस येणार, अव्वांना इरकल नेसवणार, जाताना दोघींच्या डोळ्यांत पाणी. मग वर्षभर आमच्या घरात 'माझी सुजाता, माझी सुजाता.' अव्वांच्या गुडघ्यांना तेल कोण लावत होतं? बिनतिखटाचं कालवण वेगळं कोण करत होतं? मी म्हणजे घरची तुळस, पाणी घालायची कुणाला आठवण? — असो. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की पाठ झाली आहेत. ती खरी आहेत. आणि पुढे मी जे केलं त्याला ती पुरत नाहीत.

वेळ अमावस्या होती, आमच्याकडे शेतात जाऊन पूजा करायचा, तिथंच जेवायचा दिवस. अव्वांना माहेरचं शेत आठवलं, त्यांची आई डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन बांधावरून चालायची ते आठवलं. सगळं त्या फोनमध्ये बोलल्या. शेवटी आवाज कापला. पहिला बदाम पुण्याहून आला. अव्वा फोन घेऊन माझ्याजवळ आल्या. मी भाकरी थापत होते.

"सुजाता रोज हे तांबडं काय टाकती गं?"

"बदाम आहे तो."

"म्हंजी?"

मी मान वर केली नाही. म्हणाले, "ऐकलं म्हणून शिक्का मारतात. पोस्टात मारतात की, तसा."

तोंडातून निसटलं असं म्हणू का? नाही म्हणणार. मला त्या बदामाचा अर्थ पक्का माहीत होता. बहिणीला मी स्वतः ढीगभर पाठवते. आणि शिक्का — तो शब्द किती पटकन सापडला मला! जणू तयारच होता. अव्वा नुसतं "शिक्का व्हय" म्हणाल्या आणि वळल्या. मी भाकरी तव्यावर टाकली. ती चांगली फुगली, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

एकदाच बोलून सोडून दिलं असतं तरी निभावलं असतं. पण मी त्याला खतपाणी घातलं. अव्वा विचारायच्या, "आज बी शिक्काच का?" मी म्हणायचे, "कामात असतात, ऐकायला वेळ कुठला." हळूहळू अव्वांचं बोलणं आखडत गेलं. आधी मध्येच 'सुजाता, ऐकतीस का गं' असं यायचं, ते बंद झालं. मग सकाळचा आवाजच बंद झाला.

पुढे अक्कांनी पुण्यात घर घेतलं. ग्रुपवर लिहिलं — अव्वा, पहिलं दूध तुमच्याच हातानं उतू घालायचं आहे. मी शब्द न शब्द वाचून दाखवला. तिथं लबाडी केली नाही. गरजच उरली नव्हती. "शिक्का मारनारीच्या घरी कशाला जायाचं," अव्वा म्हणाल्या, आणि स्वतःच्या बोटानं त्यावर अंगठा टाकला. त्यांच्या लेखी ती सही — निरोप पोचला, एवढंच. अक्कांनी मात्र त्याचा दुसराच अर्थ घेतला. फोनवर रडत होत्या, "अव्वांनी मला अंगठा दाखवला गं. माझं काय चुकलं?"

एक वाक्य पुरलं असतं. एक! गल्लीभर भांडणाऱ्या बाईला एक वाक्य जड होतं का? मी म्हणाले, "वय झालंय, अक्का. मनाला लावून घेऊ नका."

दूध अक्कांनी स्वतःच उतू घातलं.

त्यानंतरच्या थंडीत अव्वा अंथरुणाला खिळल्या. अक्कांचा मेसेज आला — रजा मिळत नाही, अव्वा जेवल्या का? मी वाचून दाखवला. अव्वा डोळे मिटून म्हणाल्या, "आता बोलवत न्हाई गं. मार तिला बी शिक्का. तांबडा." मी अव्वांच्या फोनवरून बदाम टाकला.

दुसऱ्या दिवशी अक्का दारात. रजेबिजेचं बघू म्हणाल्या आणि थेट अव्वांच्या उशाशी बसल्या. "तुमचा बदाम बघितला आणि राहवलं नाही हो, अव्वा."

अव्वांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "शिक्का बघून आली व्हय ही?" असं हळूच विचारलं — मला. नुसत्या शिक्क्यासाठी कुणी पुण्याहून धावत येतं का, हे कोडं त्या माझ्यापुढे ठेवत होत्या. मी त्यांची दुभाषी होते ना.

मी म्हणाले, "औषधाची वेळ झाली, अव्वा." आणि अक्कांना पाणी आणायला आत पाठवलं.

निघताना अक्कांनी माझे हात धरले. तूच समजावलंस ना त्यांना, म्हणाल्या, नाहीतर मला बदाम कुठला. मी सांगितलं, "हो, मीच." पुढच्याच महिन्यात अव्वा गेल्या.

आता वाटेल, हिनं निदान अक्कांना तरी सांगावं. सांगितलं तर त्यांच्याकडचा तो एकुलता एक बदामही जाईल, असं मी स्वतःला समजावते. ते माझ्या सोयीचं आहे, हेही मला कळतं.

अव्वा गेल्या त्या अक्कांना परकं मानून, आणि मला पोटची मानून. शेवटचा घोट त्यांनी माझ्याच हातून घेतला, 'तूच माझी' म्हणाल्या. हेच तर मला हवं होतं. ते मी मिळवलं.