दोन रायझर आणि धाकटा भाऊ

ऑफिसात तिला धडकताई म्हणत. ती आली की कुणीतरी हमखास ओरडायचं, "खुर्च्या सांभाळा रे!" तीही हसायची. कामच तसं होतं. समुद्रतळापासून तेल वर आणणारे लांबलचक पाइप, म्हणजे रायझर, प्रवाहात झुलतात आणि एकमेकांवर आपटतात. किती जोरात आपटतील, वरचं आवरण तो दणका सोसेल का, हे ती काढायची. भर समुद्रातल्या नव्या तेल-प्लॅटफॉर्मसाठी तिनं बिनधास्त सांगितलं होतं, "आपटू देत, सोसेल."

त्याच प्लॅटफॉर्मवर तिच्या धाकट्या भावाला नोकरी लागली. खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे! स्वारी शीळ घालत बॅग भरत होती. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे तुझ्या आकड्याच्या भरवशावर माझं लेकरू तिथे राहणार, होय ना?"

"होय गं," ती म्हणाली. पण जेवण काही गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळा हिशेब पहिल्यापासून मांडला आणि चूक सापडली, तीही स्वतःचीच. पुढचा पाइप प्रवाहाच्या रेट्यानं मागच्यावर येतो, हे तिनं धरलं होतं. मागचा मात्र स्थिर मानला होता. अहो, तो कसला स्थिर! आडोशाला असला तरी तोही झुलतोच, आणि समोरून तेवढ्याच वेगानं आला तर? वेग दुप्पट, दणका चौपट. आवरण फुटणार, पाइपाला तडा जाणार, आणि वर माणसं. ती तडक साहेबांकडे गेली.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "बाई, हे आत्ता सांगताय? पाइपांमधलं अंतर वाढवायचं म्हणजे सगळा आराखडा बदलणार!"

"उशीर झाला, खरंय. माझंच चुकलं. पण बदला."

काम लांबलं. नव्यानं घेतलेल्या सगळ्यांना नारळ मिळाला, भावालाही. तो भडकलाच. "सख्खी बहीण, आणि माझ्याच पोटावर पाय दिलास!" त्या दिवसापासून त्यानं बोलणं टाकलं. जेवणाचं ताटही तो आपल्या खोलीत घेऊन जायचा.

शेवटी तिला राहवेना. "आई, तो माझ्याशी बोलतच नाही गं," ती म्हणाली.

आईनं बंद दाराकडे पाहिलं. आत पंखा घरघरत होता.

"नाही बोलत तर नाही," आई म्हणाली. "घरात बसून बोलत नाहीये ना?"