जास्तीचा ‘ला’

आमच्या घरातून शहराला उगाच असं कधी कुणी गेलेलं नाही. सोलापूर म्हणजे दवाखाना, पुणं म्हणजे कुणाचं तरी लग्न आणि धाराशिव म्हणजे कचेरी. कामाशिवाय शहरात पाऊल टाकायचं म्हणजे आमच्या तेर गावच्या माणसाला चोरी केल्यासारखं वाटतं. त्यामुळं मागच्या हिवाळ्यात मी जेवताना जाहीर केलं, की आपण तिघांनी हैदराबादला जायचं, दोन रात्री राहायचं, खायचं, बघायचं आणि परत यायचं, तेव्हा नवऱ्यानं हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून विचारलं, “काम काय?”

मी म्हटलं, बिर्याणी. त्यांनी आपल्या आईकडं बघितलं आणि आईनं माझ्याकडं. दोघांनाही वाटलं की शाळेतल्या पोरांनी माझं डोकं खाल्लंय.

खरं कारण सासूबाई होत्या. त्यांना मी मामी म्हणते. त्यांचे वडील निजामाच्या काळात जमिनीच्या खटल्यासाठी हैदराबादला जायचे आणि आले की मुलांना गोळा करून चारमिनारच्या गोष्टी सांगायचे. मामी त्या आम्हाला इतक्यांदा सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्या तिथंच लहानाच्या मोठ्या झाल्या. प्रत्यक्षात हैदराबादच्या वाटेवर त्या नळदुर्गाच्या पलीकडं गेलेल्या नाहीत. मला ते बरं वाटत नव्हतं. गुडघे अजून चालतायत तोवर त्यांना ते एकदा दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि वहीशिवाय मला काही सुचत नाही. कोरी वही काढली आणि दिवस ठरवायला बसले, तर पहिलीच अडचण मामींची. सोमवार महादेवाचा, मंगळवार तुळजाभवानीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार सोनारीच्या भैरवनाथाचा. या पाचही दिवशी मटण घरात येत नाही. उरले बुधवार आणि शुक्रवार. शुक्रवारी नवाबाचं म्युझियम बंद असतं आणि चारमिनारपाशी नमाजाची गर्दी. म्हणजे आठवड्यातला एकच बुधवार बिर्याणीचा. सगळी सहल त्या बुधवारभोवती बसवली. मंगळवारी सकाळच्या एसटीनं निघायचं, बुधवारी खायचं, गुरुवारी म्युझियम बघून परत फिरायचं. गोवळकोंड्याचा किल्ला पायऱ्यांमुळं खालूनच बघायचा. खोली तळमजल्यावरची. इराणी चहा, त्यात बुडवायची बिस्किटं, मिरची भजी, बिर्याणी आणि वर खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं गोड. एवढं सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

आणि मग गिरणीत माती खाल्ली.

दळण टाकायला गेले होते. जात्याच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं. गिरणीवाल्या काकूंनी विचारलं, रजा कशाला टाकली? मी ओरडून सांगितलं, “मामींना हैदराबादला दाखवायला न्यायचंय.” म्हणायचं होतं हैदराबाद दाखवायला. एक ‘ला’ जास्तीचा पडला. आमच्याकडं माणसाला गावाला दाखवायला नेतात ते डॉक्टरलाच, दुसऱ्या कुणाला नाही. आणि सोलापूर सोडून थेट हैदराबाद म्हणजे दुखणं साधं नसणार. चौथीच्या वर्गाला विभक्तीचे प्रत्यय शिकवणारी मी, पण माझ्या ते लक्षातही आलं नाही. पीठ घेतलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. शेजारच्या काकू मोसंबी घेऊन आल्या. चुलत सासूबाई बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या आणि मामींचा हात हातात घेऊन तासभर बसल्या. या दोघी जावांचं बांधावरून वर्षानुवर्षं पटत नाही. भूमहून मामींच्या धाकट्या बहिणीचा रोज फोन. परंड्याचा भाचा तर भैरवनाथाचा अंगारा घेऊन आला. दुखण्याचा शब्द कुणीच काढला नाही, कारण आजारी माणसासमोर तो काढायचा नसतो. सगळे फक्त मामींनी आयुष्यभर किती केलं ते सांगत होते. मला वाटलं, गावाला आमच्या सहलीचं किती कौतुक आहे. मी सगळ्यांना चहा केला.

मामी मात्र गप्प होत गेल्या. मी म्हटलं, प्रवासाची धास्ती असेल. एका संध्याकाळी ओसरीवर बसून मी त्यांना वही वाचून दाखवायला लागले. बुधवारी सकाळी आठला खोलीवरून निघायचं, एवढं वाचलं तर त्यांनी विचारलं, “उपाशीपोटी?” मला वाटलं उपासाबद्दल विचारतायत. मी म्हटलं, काही खाल्लं नाही तरी चालेल, तिथं गेल्यावर बघू. त्यांनी मान हलवली आणि उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती. ती माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, “ही तुझ्याकडं राहू दे. आन् आता खरं सांग, मला काय झालंय?”

मी हसले. हसायला नको होतं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं तेव्हा मोसंबी, अंगारा, भांडण विसरलेली जाऊ, सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि हसू जिथल्या तिथं राहिलं. मी गिरणीतला ‘ला’ सांगितला. शपथ घेतली. नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलं आणि त्यांच्याकडूनही वदवून घेतलं. मामी शांतपणे ऐकत होत्या, लहान मुलाची थाप ऐकावी तशा.

“तुमी दुसरं काय सांगणार?” त्या म्हणाल्या. “त्यांना बी म्या असंच न्हेलं होतं. सोलापूर फिरून येऊ, सिद्धेश्वराचं दर्शन घेऊ, म्या म्हणले. नवं धोतर नेसून निघाले. दवाखान्याच्या दारात उतरले, पाटी वाचली आन् माझ्याकडं बघितलं.”

सासरे जाऊन सात वर्षं झाली. त्या सोलापूरच्या फेरीनंतर ते फार दिवस राहिले नाहीत, हे मला माहीत होतं. फिरायला म्हणून नेलं होतं, हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं. ते खाली मान घालून बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी शिकलेली मी, पण त्या बाईला ती आजारी नाही हे मी पटवून देऊ शकत नव्हते, आणि न पटता ती आमच्यासोबत यायला निघाली होती. तेच मला सगळ्यात वाईट वाटलं. नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

शेवटी मी वही त्यांच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, मामी, तुम्ही सांगा आणि मी लिहिते, पानं फाडून नवी सहल लिहू. त्यांनी वही जवळ ओढली. मग म्हणाल्या, “सकाळी उठल्या उठल्या पोटभर खायचं, आसं लिही. दोन्ही दिवस.” पोटभर खाल्लेल्या माणसाचं रक्त कुणी तपासत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी ठळक लिहिलं आणि खाली रेघ मारली. निघायच्या दिवशी त्यांनी माझी पिशवी उघडून चाचपून बघितली. दवाखान्याची फाईल सापडली नाही. तरी त्यांचा विश्वास बसला नव्हता हे मला एसटीत कळत होतं. खिडकीतून त्या फक्त पाट्या वाचत होत्या.

बुधवारी सकाळी रिक्षानं चारमिनारकडं निघालो आणि नेमकी एका मोठ्या दवाखान्यासमोर गर्दीत अडकलो. भलं मोठं दार, पांढरे कोट, स्ट्रेचर. मामींनी माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या. रिक्षावाल्यानं कुणाला तरी उर्दूत दोन शिव्या दिल्या, वाट झाली आणि दवाखाना मागं गेला. मामी वळून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी मनगट सोडलं आणि विचारलं, “त्ये चहाचं दुकान किती लांब हाय?”

तिथं त्यांनी दोन कप चहा घेतला आणि सहा बिस्किटं बुडवून खाल्ली. एक कपातच पडलं, ते चमच्यानं काढून खाल्लं. मग माझा फोन मागून घेतला आणि भूमच्या बहिणीला म्हणाल्या, “मला काय झालेलं न्हाय. म्या चारमिनारपाशी बिस्किट खायलेय.” पलीकडून बहीण बहुतेक रडत होती, तर तिलाच रागावल्या.

चारमिनारच्या बुडाशी उभ्या राहून त्या मान मोडेस्तोवर वर बघत होत्या. वडिलांनी सांगितलं त्यापेक्षा बारका हाय, म्हणाल्या, पण तरी तिथून हलेनात. दुपारी बिर्याणी आली तेव्हा त्यांनी आधी वास घेतला, मग हळूहळू, चवीनं, अगदी मन लावून जेवल्या. तिखट लागलं तरी पाणी प्यायल्या नाहीत. माझा जीव भांड्यात पडला होता आणि मी वहीत पुढचं काय ते बघत होते.

जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

“म्या त्यांना खोटं बोलले, त्याचं मला इतकं वाटत न्हाय,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात न्यायचंच होतं. पण सोलापुरात दोन दिवस होतो आमी. सिद्धेश्वराच्या देवळाजवळून दोनदा गेलो. एकदा तरी रिक्षा थांबवायला पाहिजे होती गं.”

नवरा उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. मी वही मिटली. मामींनी तो घास खाल्ला, मग लेकाच्या ताटात उरलेला भात झाकून ठेवला आणि मला म्हणाल्या, “परत जाताना सोलापूरवरनं जाऊ. एसटीवाल्याला इचारून ठेव.”