मधल्या रकान्यातला बाप

लवंगेचा वास आला की लोकांना मसालेभात आठवतो. मला बँक आठवते. चैत्राच्या संध्याकाळी चिखलीतल्या आमच्या लेथच्या शेडमध्ये तापल्या लोखंडाचा आणि जळक्या तेलाचा दर्प साचून राही, कुंपणापलीकडचा कडुनिंब आपला कोवळा मोहोर त्यात मिसळू पाही, आणि या साऱ्यांना बाजूला सारत जिन्यावरून लवंगेचा धूर अलगद खाली उतरे. वरच्या खोलीत सुहार्दी राहत होता. जावा बेटावरचा, चाकणच्या एका कंपनीत साचे जुळवणारा. त्याच्या देशच्या सिगारेटींत तंबाखूबरोबर लवंग असते. साच्यातली केसभर चूक तो नुसतं बोट फिरवून सांगायचा. मी मात्र गल्लीभर सांगून ठेवलं होतं, की हा गडी पोळीवरून बोट फिरवून पिठाची गिरणी ओळखतो.

त्याचं नाव एवढंच: सुहार्दी. त्यांच्याकडे पुष्कळांना एकच नाव असतं, मागे बाप नाही की पुढे आडनाव नाही. दोन वर्षांपूर्वी पगाराचं खातं उघडायला गेलो, तेव्हा फॉर्म अर्थातच मी भरला. भोसरीपासून चाकणपर्यंत अशी बँक नाही जिथला पंखा मला पाहून वेग वाढवत नाही, अशी माझी ख्याती. ती पसरवली मीच. मधला रकाना रिकामा पाहून माझ्या जिवाला चैन पडेना. बापाविना नाव मला उघड्या अंगाने चौकात उभ्या माणसासारखं दिसतं.

"वडिलांचं नाव काय रे?"

"वगिमान."

लिहिलं. शेवटच्या रकान्यात 'जावाकर' लिहायचा मोह मोठ्या निग्रहाने आवरला. टेबलापलीकडच्या साहेबांनाही बाप मध्ये असणं इतकं स्वाभाविक वाटलं, की शिक्का बसला. पासबुकावरच्या त्या नावावरून सुहार्दी कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला, जणू साच्यातली चूक शोधत होता, आणि ती न सापडल्याने हसत होता.

चूक बँकेच्या यंत्राला सापडली. या चैत्रात व्हिसाची मुदत वाढली, कागद पुन्हा द्यावे लागले, आणि पासपोर्टवरचं एक नाव खात्यावरच्या दोन नावांशी जुळेना. खातं गोठलं. त्याच आठवड्यात जावाहून निरोप आला, की वगिमान अंथरुणाला खिळलाय, मुलाचं नाव घेतोय. कंपनीने रजा दिली. तिकिटाचे पैसे मात्र दोन वर्षांच्या घामासकट त्या गोठलेल्या खात्यात होते.

काउंटरवरच्या मॅडम वाईट नव्हत्या. "काका, पासपोर्टवर एकच नाव आहे. हा मधला माणूस कोण?"

"अहो, बाप आहे त्याचा!"

"असेल हो. पण पासपोर्टात नाही ना तो. वर विचारावं लागेल."

बाहेर येऊन मी सुहार्दीच्या खांद्यावर थाप मारली. "दोन दिवसांत पैसे हातात. मॅनेजर आपल्या शब्दाबाहेर नाही." मॅनेजरने मला जन्मात पाहिलं नव्हतं.

मग रोज संध्याकाळी तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसे, आणि त्याच्या अंगावरून उतरणारा फिकट उजेड माझ्या यंत्रावरल्या तेलात विझे.

"काका, पैसा मेरा ही है ना?"

"तुझाच रे भावा."

"उद्या होईल?"

"होईल काय, झालंच समज!"

'होईल' हा त्याने शिकलेला पहिला मराठी शब्द. माझ्याकडून शिकलेला.

ही हकिकत मी चहाच्या टपरीवर शंभरदा सांगितली आहे. तीत मॅनेजर मला पाहून टेबलाखाली लपतो, मॅडम पासपोर्ट उन्हात धरून बाप शोधतात, आणि लोकांना हसून ठसका लागतो. एक गोष्ट मात्र मी दर वेळी गाळतो. तिसऱ्या दिवशी जेवताना बायको म्हणाली होती, "अहो, कपाटात आहेत ना? तिकिटापुरते देऊन टाका त्याला. आले परत तर आले."

"अगं, उद्या सुटतायत त्याचे. आता आपण दिले तर माझ्या शब्दाला काय किंमत?"

पैसे कपाटात होते, तिच्या घडीच्या साड्यांखाली. तिथेच राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. त्यांच्यात माती त्याच दिवशी देतात. आता पंख फुटले असते तरी उपयोग नव्हता. सुहार्दी खाली आला, बंद लेथच्या थंड लोखंडावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आता घाई नाही."

त्याच दुपारी बँकेतून बोलावणं आलं. एक अर्ज दिला की खातं मोकळं. अक्षर माझं सुरेख, म्हणून अर्ज मीच लिहिला: 'वगिमान हे माझ्या नावात चुकून आले आहे, ते कमी करावे.'

"क्या लिखा है, काका?"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. "काही नाही. सही कर."

त्याने केली. मॅडमनी पट्टी ठेवून पासबुकातल्या त्या नावावर रेघ ओढली, अगदी सरळ, साच्यातून काढल्यासारखी.

तो जावाला परत गेला, वरची खोली रिकामी आहे, पावसाळी हवेत तिच्या भिंती अजून लवंग सोडतात. परवा कशाला तरी माझं पासबुक उघडलं. माझ्या नावाच्या मधोमध माझा बाप स्वस्थ बसलेला होता. त्याच्याकडे फार वेळ पाहवलं नाही.