सात चुंबळी आणि एक मिनिट

कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. धुळ्यात तेव्हा असे दोन-तीनच क्लास होते. आमच्या क्लासात चार मशीन होती. त्यांच्यावर शिवलेल्या कापडी खोळी असत आणि भिंतीवर पाटी होती: बोलू नये, फुंकू नये. फुंकू नये का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तिथं शिकवायचे. सकाळ-संध्याकाळ बॅच असत, दुपारी एक ते तीन कुणी फिरकत नसे. क्लासच्या सरांनी कुठूनसा फ्लॉपीवर आगगाड्यांचा एक खेळ आणला होता. दुपारी मी तो खेळायचे.

खेळात कोरा मुलूख मिळायचा. त्यात रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची आणि प्रत्येक गाडीला हुकूम लिहून द्यायचे: इथं जा, इथं थांब, मग तिथं जा. मी आमचीच लाइन उभी केली. एका टोकाला धुळं, दुसऱ्या टोकाला जंक्शन आणि मधे एकेरी रुळावर आमचं गाव. गावाला स्टेशनही नव्हतं, नुसता थांबा होता. एक बाकडं, एक कडुनिंब आणि नावाची पिवळी पाटी.

घरात आम्ही दोन ठिकाणी विभागलेलो होतो. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते धुळ्यातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत, म्हणून मी आणि ते धुळ्यात खोली घेऊन राहत होतो. आई आणि धाकटा भाऊ गावी. आमच्याकडे पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मोर्चाची, परिषदेची, जयंतीची, संपाची. ट्रेडल मशीनवर बिघडलेले कागद नाना घरी आणत, त्यांवर मी वाचायला शिकले. वह्यांना कव्हरंही त्यांचीच. बरीच वर्षं मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, पत्रक काढलं की तो दूर होतो, इतकं सोपं गणित माझ्या डोक्यात पक्कं होतं.

अन्याय भावाच्या गाडीच्या रूपानं आला. आयटीआय करून तो जळगावच्या एका कारखान्यात शिकाऊ लागला होता. रोज सकाळी गावच्या थांब्यावर धुळ्याहून येणारी पॅसेंजर धरायची, जंक्शनला उतरायचं आणि दहा मिनिटांत पुढची जळगावची गाडी पकडायची. महिन्यात तिसऱ्यांदा ती पुढची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत सुटली, तेव्हा साहेबांनी सांगितलं, आता आणखी एक उशीर आणि नाव कमी. त्यानं मला हे क्लासच्या दारात उभं राहून सांगितलं. चपला काढायच्या म्हणून आतसुद्धा आला नाही.

उशीर कुठं होत होता, ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. आमच्याच थांब्यावर.

आईबरोबर आमच्या गावच्या सात बाया रोज भाजी घेऊन जंक्शनच्या बाजारात जायच्या. मेथी, गवार, वांगी. मळे लांब होते, पहाटे खुडणी करून डोक्यावर टोपल्या घेऊन त्या पायवाटेनं यायच्या. आईचं घर थांब्याला सगळ्यात जवळ. म्हणून बाजारात लागणारी साऱ्याजणींची एकेक जादा, कोरडी चुंबळ आईकडे ठेवलेली असे. चुंबळ म्हणजे टोपलीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. आई सकाळी सगळ्यांच्या आधी थांब्यावर यायची आणि फलाटाच्या कडेला सात चुंबळी ओळीनं मांडायची. जी बाई पोचली ती आपली चुंबळ उचलून घ्यायची. गाडी आली की तिचे तेव्हाचे गार्ड खाली उतरून ओळ बघत. चुंबळ उरली असली की हिरवा झेंडा काखेतच राहायचा.

"सात शेतस, भाऊ. सात बाया येतीन," आई म्हणायची. सात आहेत, सात येतील.

"अक्का, रेल्वे तुमच्या घरची आहे का?" गार्ड म्हणायचे आणि बाकड्यावर बसून पान जमवायला घ्यायचे.

कधी तीन मिनिटं, कधी दहा. भाऊ डब्याच्या दारात उभा राहून मनगटाकडे बघत राही. चढणारी एखादी बाई टोपली त्याच्याच हातात देऊन म्हणे, "काय रे नवरदेव, घड्याय देखी देखी गाडी धावस का?" सगळ्या हसत. तो हसत नसे.

"तुन्ह्या बायासपायी मन्हं काम जाई," तो आईला म्हणाला होता.

"तुन्हं काम जाई, आनि त्यासनं?" आई म्हणाली. विषय तिथंच संपला. एकदा एक बाजू घेतली की आई दुसऱ्या बाजूनं बोलत नसे.

माझ्या खेळातही गाड्या अडकत होत्या. एक गाडी मधल्या स्टेशनात उभी राही आणि तिच्यामागे सगळ्या रांगेत थांबत. बरेच दिवस मला कारण सापडलं नाही. मग एका दुपारी मी तिचे हुकूम उघडून वाचले. मधल्या स्टेशनापुढे मीच कधीतरी लिहून ठेवलं होतं: पूर्ण भरेपर्यंत थांब. स्टेशन लहान, माणसं कमी, गाडी भरणार कधी? मी तो हुकूम खोडला. समोरासमोरच्या गाड्यांसाठी एक बगललाइन टाकली, दोन्ही तोंडांना सिग्नल लावले. गाड्या सुरळीत धावायला लागल्या. मधल्या स्टेशनावरचे प्रवासी हळूहळू कमी होत गेले, तेही पडद्यावर दिसत होतं. मी तिकडे पाहिलं नाही. गाड्या धावताना फार छान दिसत होत्या.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. "पॅसेंजर वेळेवर आलीच पाहिजे! थांबा एक मिनिट म्हणजे एकच मिनिट! कामगार आणि विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी खेळ बंद करा!" खाली नवं वेळापत्रक, खेळावरून बेतलेलं, मिनिटामिनिटाचं.

नानांनी खिळे जुळवले. जुळवताना एकदा थांबले.

"हे 'एकच मिनिट' ठेवू?"

"ठेवा."

"आईला विचारलंस?"

"नाना, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्यांनी पुढची ओळ घेतली. तत्त्वाचा प्रश्न हा शब्द त्यांनी आयुष्यभरात किती वेळा जुळवला असेल. तो त्यांच्या बोटांना पाठ होता.

प्रवासी मंडळानं पत्रक उचलून धरलं. धुळ्याच्या फलाटावर मी स्वतः सह्या घेतल्या. नोकरदार, विद्यार्थी, वकील, सगळ्यांनी केल्या. आमच्या थांब्यावर सह्या घ्यायला मी गेले नाही. तिथं बहुतेकींना अंगठाच द्यावा लागला असता, असं कारण मी स्वतःला दिलं होतं.

दोन महिन्यांत मागणी मान्य झाली. तोवर भाऊ पदरमोड करून जीपनं जंक्शन गाठत होता. जुन्या गार्डांची ड्यूटी दुसऱ्या लाइनवर गेली. त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला, असं नंतर ऐकलं. नवे गार्ड तरुण होते आणि घड्याळ हातात धरून उतरत. पहिल्या दिवशी आईनं नेहमीसारख्या चुंबळी मांडल्या. गाडी आली तेव्हा तीन बाया पोचल्या होत्या, त्या चढल्या. आईही चढली. एक मिनिट झालं, शिट्टी वाजली. दारातून आईला फलाटावर उरलेल्या चुंबळी दिसल्या आणि ती हलत्या गाडीतून टोपलीसकट उतरली. भाऊ आतून ओरडत राहिला. गाडी वेळेवर जंक्शनला पोचली. त्यानं पुढची गाडी आरामात धरली.

मी शनिवारी गावी गेले तेव्हा आईनं एवढंच सांगितलं, "चुंबळी मन्ह्या हवाले व्हत्यात. मी कशी जाऊ?"

भांडली नाही. पत्रक तिनं पाहिलं होतं. धान्याच्या डब्यावर घडी करून ठेवलं होतं, माझं म्हणून.

बाया काही दिवस अंधारात निघून पाहत होत्या, पण अंधारात खुडणी होत नसे. मग काहीजणी जीपनं गेल्या, तिथं टोपल्या टपावर बांधाव्या लागत आणि भाजी कोमेजायची. एसटीत कंडक्टर चढू देत नसे. एक थांबली, मग दुसरी. दिवाळीपर्यंत आईही दुसऱ्यांच्या कपाशीत वेचणीला जाऊ लागली. चुंबळी जिच्या तिच्या घरी गेल्या.

भाऊ कायम झाला. पेढे घेऊन धुळ्याला आला. मंडळानं माझा सत्कार केला, शाल आणि नारळ. मी भाषणही केलं. काय बोलले, ते आठवत नाही.

नंतर उन्हाळ्यात, अशाच एका रिकाम्या दुपारी, मी पुन्हा तो खेळ काढला. आमची लाइन जशीच्या तशी होती. मधल्या स्टेशनावर एकही प्रवासी नव्हता. उगाच, काही करायचं म्हणून, मी धुळ्याहून गाडी दहा मिनिटं आधी सोडली आणि मधल्या स्टेशनावर दहा मिनिटं थांबायचा हुकूम दिला. गाडी गेली, थांबली, निघाली आणि जंक्शनला ठरल्या वेळी पोचली. मागे कुणी अडकलं नाही. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पोचली. एवढंच करायचं होतं. दहा मिनिटं आधी. धुळ्याच्या लोकांनी दहा मिनिटं आधी उठायचं.

मला रडू वगैरे आलं नाही. मी मशीन बंद केलं आणि खोळ घातली.

दुसरं पत्रक मी लिहिलं. त्यात उद्गारचिन्ह एकच होतं, ते नानांनी न विचारता काढलं. धुळ्याच्या फलाटावर मी आठवडाभर उभी राहिले. "ताई, गाडी आता छान वेळेवर आहे की," लोक म्हणायचे. काहींनी कागद घेतला, सही कुणी केली नाही. दहा मिनिटं आधी उठायचं कुणासाठी, असं एकानं विचारलं. तो चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता.

उरलेला गठ्ठा घेऊन मी गावी गेले. आई ओसरीवर कापसाची बोंडं फोडत होती. तिला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आते कोनासाठे?" ती म्हणाली.

तेव्हा भावानंही जळगावला, कारखान्याजवळ, खोली घेतली होती. आता आमच्या थांब्यावरून सकाळच्या गाडीला रोज चढणारं कुणीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जंक्शनला काम होतं म्हणून मी आमच्या थांब्यावर एकटीच बाकड्यावर बसले. फलाटाच्या कडेला, जिथं ओळ लागायची, तिथं गवत आलं होतं. गाडी वेळेवर आली. गार्ड घड्याळ हातात धरून उतरले. मी चढले आणि दारातच उभी राहिले. पायवाटेवर कुणी नव्हतं. गाडी पूर्ण एक मिनिट थांबली आणि वेळेवर सुटली.