यशोधराबाईंनी ठरवलेले पॉइंट

उल्हासनगरला कॅम्प दोनच्या कापडबाजारात एक मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, धागे, एवढाच माल. पण साडी घेऊन आलेली बाई रंग न मिळता परत गेली, असं तिथे क्वचितच होतं. त्याचं कारण यशोधराबाई. अंबरनाथच्या मोरिवलीहून रोज येणाऱ्या या बाईंनी त्या काउंटरमागे एकतीस वर्षं काढली. साडीचा काठ हातात घेऊन त्या दारात उजेडाला जायच्या, डोळे बारीक करून बघायच्या आणि आत येऊन नेमक्या त्याच ताग्याला हात घालायच्या. "ट्यूबलाइट खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी थोरले शेठ थकून घरी बसले आणि दुकान त्यांची सून करिष्मा बघू लागली. सिंधी घरातली पोरगी, मराठी हिंदीच्या वळणाचं, पण डोकं तल्लख. तिने टॅबलेट आणला आणि पॉइंटची योजना सुरू केली. शंभराच्या खरेदीला एक पॉइंट, शंभर पॉइंट झाले की एक ब्लाउजपीस फुकट. गिऱ्हाइकाने फक्त मोबाइल नंबर सांगायचा.

पंधरा दिवसांनी सुंदराबाई आली. आनंदनगरच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी, जुनी ओळखीची. तिने मोबाइल पुढे केला. "ताई, काय आलंय बघा बरं."

यशोधराबाईंनी वाचलं. 'तुमचे दोन पॉइंट झाले. भेटीसाठी अजून अठ्ठ्याण्णव हवेत.'

सुंदराबाई हसली, पण हसणं ओठांवरच राहिलं. "वीस वर्षं येतेय मी इथं. दोनच का?"

यशोधराबाईंना ते लागलं. सुंदराबाई गेल्यावर त्या करिष्माला म्हणाल्या, "ही बाई दरवेळी थोडंसं अस्तर नेते, खरंय. पण तिच्या कारखान्यातल्या अर्ध्या बाया तिनेच आपल्याकडे आणल्या. ते तुझ्या मशीनला कोण सांगणार?"

करिष्माने टॅबलेट पुढे ओढला. मग म्हणाली, "मावशी, नियम आपल्याला बनवता येतात ना यात. कशाला किती पॉइंट, ते आपण ठरवायचं. तुम्ही बोला, मी टाकते."

दुपारी बाजार सुस्तावला तेव्हा दोघी टॅबलेट घेऊन बसल्या. यशोधराबाईंना एकदम थोरल्या शेठाणी आठवल्या. त्या असताना नव्या बाईला घेऊन येणारीच्या हातावर धाग्याचं रीळ ठेवलं जायचं. शिवलेलं ब्लाउज अंगात घालून कुणी दाखवायला आली, की शेठाणी तिला वळायला लावून पाठ बघायच्या आणि हुकांची पुडी द्यायच्या. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्या जणींना ठाऊक होतं.

"लिही," यशोधराबाई म्हणाल्या. "नवी बाई आणली, दहा. ब्लाउज शिवून दाखवायला आली, काही घेतलं नाही तरी तीन."

"खरेदी नाही आणि पॉइंट? मग तर रोज येतील सगळ्या!"

"येऊ देत की. दुकानात बाया बसलेल्या दिसल्या की बाहेरच्या आत येतात."

महिन्यातून एकदाच, यावर तडजोड झाली. चौदा एप्रिलच्या आधीचे आठ दिवस पांढऱ्या ब्लाउजपीसवर दुप्पट, हाही नियम त्यांनीच घातला; त्यांच्या वस्तीतल्या बायांची तेव्हा झुंबड असते.

"आणि जी येईनाशी झाली, ती परत आली तर पंचवीस."

"तिला कळणार कसं?"

यशोधराबाईंनी खालच्या खणातून जुनी वही काढली. हवा तो रंग नसला की त्या बाईचा फोन नंबर तीत लिहून ठेवायच्या, माल आला की कळवायला. डाळिंबी, मोरपंखी, वांगी, आणि प्रत्येक रंगापुढे एक नाव. वाचता वाचता त्या हसत होत्या. "ही एक मास्तरीण. हिला गुलबक्षीशिवाय काही दिसायचंच नाही." करिष्मा नंबर टाकत गेली. 'तुमची आठवण येते, एकदा या,' असा मेसेज दुकानाच्या नाव-पत्त्यासह गेला.

पुष्कळ नंबर बंद होते. एकीने फोन करून खडसावलं. दोघी जावा एकच ब्लाउज आलटून पालटून घालून आल्या आणि पॉइंट घेऊन गेल्या. करिष्माला ते कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. सुंदराबाईने दोन नव्या पोरी आणल्या. आणि अकरा जुन्या बाया खरंच परत आल्या.

बारावी आली ती मात्र पोरसवदा होती. "मी जिज्ञासा, बदलापूरहून आले. मेसेज आईच्या नंबरवर आला. आई जाऊन दोन वर्षं झाली, पण नंबर मी चालू ठेवलाय. तिची आठवण कुणाला येते, ते बघायला आले."

"नाव काय आईचं?"

"विठा."

यशोधराबाईंनी वही चाळली. विठापुढे रंग होता चिंतामणी. जिज्ञासाने पिशवीतून साडी काढली. "हीच ती. ब्लाउजविना कपाटात पडून होती."

यशोधराबाई साडी घेऊन दारात गेल्या. या वेळी त्यांना वेळ लागला. डोळे दोनदा पुसावे लागले. मग तागा काढून त्यांनी काठाला लावला. रंग एकजीव झाला.

"पॉइंट कुणाच्या नावावर?" करिष्माने हळूच विचारलं.

"आईच्याच राहू देत," जिज्ञासा म्हणाली.

कापड घडी करून झालं तरी जिज्ञासा निघेना. "आई इथे कशी असायची हो? घरी फार कडक होती."

"कडक?" यशोधराबाईंनी स्टूल पुढे ओढलं. "अगं, तुझी आई आली की दुकानभर हसू असायचं. आमच्या शेठाणींची हुबेहूब नक्कल करायची, तीही त्यांच्यासमोर. बस, सांगते."

दोन गिऱ्हाइकं दारात आली होती. करिष्मा उठली, त्यातल्या एकीची साडी हातात घेतली आणि रंग बघायला स्वतः उजेडात गेली.